'बाय' दाबलं, पैसे कटले, मग वस्तू माझी का नाही? डिजिटल मालकीबद्दल नेहमी येणारे प्रश्न

आत्याच्या टॅबवर एक दिवस तिची सगळी पुस्तकं राखाडी झाली. कव्हरं दिसतायत, पण बोट लावलं की गोल फिरत राहतं आणि मग 'उपलब्ध नाही'. ३१ पुस्तकं, सगळी पैसे मोजून घेतलेली, बिलं मेलमध्ये आहेत. ॲप बंद पडलं होतं आणि तसं कळवणारा मेल प्रमोशनच्या फोल्डरमध्ये ४ महिने सडत होता. हा किस्सा मी चारचौघांत सांगितला आणि तेव्हापासून लोक मला तेच तेच प्रश्न पाठवतायत, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. मी वकील नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, बारीक अक्षरातलं वाचायची सवय आहे एवढंच. मोठी रक्कम अडकली असेल तर वकील गाठा.

१. पैसे देऊन ई-बुक घेतलंय. ते माझं आहे का? हो की नाही तेवढंच सांगा.

बहुतेक वेळा नाही. तुम्ही घेतलीय वाचायची परवानगी, म्हणजे लायसन्स, आणि ती त्या दुकानातल्या तुमच्या अकाउंटला बांधलेली असते. अकाउंट गेलं, दुकान गेलं किंवा दुकानाचा प्रकाशकाशी करार संपला की परवानगीचं काय होणार ते टर्म्समध्ये लिहिलेलं असतं, आणि ते तुमच्या बाजूने लिहिलेलं क्वचितच सापडतं. अपवाद म्हणजे जिथे तुम्हाला कुलूप नसलेली फाइल मिळते आणि ती तुम्ही स्वतःच्या डिस्कवर ठेवता (कुलूप म्हणजे काय ते ९ मध्ये, बाकी १८ बघा).

२. पण कागदी पुस्तक घेतलं तरी कॉपीराइट लेखकाचाच असतो ना? मग फरक काय पडला?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. कागदी पुस्तक घेता तेव्हा मजकुराचे हक्क तुम्हाला मिळत नाहीत हे बरोबर, पण ती एक प्रत पूर्ण तुमची होते. ती विका, भाच्याला द्या, पानं फाडून भेळेचे पुडे बांधा, प्रकाशक काही बोलू शकत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ मध्ये प्रती लोकांपर्यंत पोचवायचा हक्क लेखकाला दिलाय पण 'आधीच चलनात आलेल्या प्रती' त्यातून वगळल्यात, त्यामुळे पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा धंदा बिनधास्त चालतो.

अमेरिकेत याच्यावर फार आधीच भांडण झालंय. एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापून ठेवलं की १ डॉलरच्या खाली कोणी विकलं तर तो कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०८ साली कोर्टाने सांगितलं की एकदा विकलंत ना, आता पुढच्या विक्रीवर तुमचा हुकूम चालणार नाही. आता गंमत बघा, त्या प्रकाशकाला आत छापलेल्या चार ओळींनी जे जमलं नाही ते आजच्या कंपन्यांनी 'आय ॲग्री'च्या एका टिकने करून दाखवलं, कारण ते म्हणतात आम्ही विकलंच नाही, फक्त वापरायला दिलं. प्रत तुमच्याकडे आलीच नाही तर प्रतीवरचा हक्क येणार कुठून.

३. खरंच कोणी विकलेली वस्तू परत काढून घेतलीय का, की उगाच घाबरवताय?

काढून घेतलीय, आणि एकदाच नाही.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण जुलै २००९ चं. ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' रातोरात पुसून टाकली. ज्याने ती दुकानात टाकली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते, म्हणजे विकणंच चुकीचं होतं, पण ते निस्तरायला कंपनी थेट लोकांच्या हातातल्या यंत्रात शिरली. पैसे परत केले. नंतर जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली आणि आपण मूर्खपणा केला असं स्वतःच लिहिलं. आणि पुसलं काय, तर सरकार जुने कागद जाळून इतिहास बदलतं अशी गोष्ट असलेलं पुस्तक, हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने अति होतंय म्हणून कापलं असतं. (जाता जाता, आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो, ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेले, म्हणजे भारतात हीच पुस्तकं २०११ पासून कोणीही छापू शकतो.)

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकानच बंद केलं. एप्रिलमध्ये सांगितलं, जुलैपासून पुस्तकं उघडायची बंद. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनवाल्यांना कळवलं की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ३१ डिसेंबरला लायब्ररीतून जाणार, कारण करार संपतोय. इतकी बोंबाबोंब झाली की वर्ष संपायच्या आत निर्णय मागे घेतला, पण नवीन करार किमान ३० महिन्यांचाच. आणि फनिमेशन या ॲनिमेवाल्या (जपानी कार्टून) कंपनीने डिस्कसोबत जी डिजिटल कॉपी कायमची म्हणून दिली होती ती एप्रिल २०२४ मध्ये ॲपसकट गेली. कायमची म्हणजे कंपनी आहे तोपर्यंतची.

४. पैसे परत मिळाले ना? मग रडायचं कशाला?

तुमच्या घरातून कोणी सोफा उचलून नेला आणि टीपॉयवर पैसे ठेवले तर चालेल का? शिवाय २००९ मध्ये एका शाळकरी मुलाच्या अभ्यासाच्या नोट्स त्या पुस्तकाला जोडलेल्या होत्या, पुस्तक गेलं आणि नोट्स निरुपयोगी झाल्या, तो कोर्टात गेला आणि कंपनीने तडजोड केली. मायक्रोसॉफ्टने यावरून धडा घेतला असावा, ज्यांनी पुस्तकात खुणा-टिपा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर दिले. आत्याला मात्र एक रुपया मिळाला नाही, मेल कोणाला पाठवायचा तेच कळेना.

५. मी गेम डिस्कवर घेतो, डाउनलोड नाही. मग तर मी सेफ ना?

डिस्क पूर्ण गेम घेऊन आली असेल आणि ऑफलाइन चालत असेल तर बऱ्यापैकी सेफ. पण हल्ली डिस्क असली तरी गेम सर्व्हरला विचारल्याशिवाय सुरूच होत नाही.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे युबिसॉफ्टचा 'द क्रू'. २०१४ ला आलेला गाड्यांच्या रेसचा गेम, एकट्याने खेळायचं म्हटलं तरी इंटरनेट लागायचं. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबवली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि नंतर लोकांच्या अकाउंटमधून लायसन्सही काढून घेतलं. डिस्क आहे, बॉक्स आहे, पावती आहे, गेम नाही. आता ती डिस्क चहाचा कप ठेवायला वापरा.

यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपियन युनियनमध्ये एक सोय आहे, १० लाख नागरिकांच्या सह्या झाल्या की युरोपियन कमिशनला विषयाची दखल घेऊन उत्तर द्यावं लागतं. मोहीम महिनोन्महिने रखडली होती, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि शेवटच्या महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, आकडा १० लाखांच्या पुढे गेला. मागणी लोक समजतात तशी नाही. सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणी म्हणत नाहीये, बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा एवढंच म्हणणं आहे. मला ही मागणी अगदी माफक वाटते, आपल्याकडे भाडेकरूसुद्धा घर सोडताना नळ चालू स्थितीत ठेवून जातो.

६. कॅलिफोर्नियाने 'बाय' शब्दावर बंदी आणली असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं. एबी २४२६ नावाचा कायदा सप्टेंबर २०२४ मध्ये सही होऊन १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यात 'बाय' किंवा 'पर्चेस' शब्द वापरायला सरसकट बंदी नाही. म्हणणं एवढंच की डिजिटल वस्तू विकताना हे शब्द वापरणार असाल तर हे लायसन्स आहे हे ग्राहकाला तिथल्या तिथे ठळकपणे सांगा आणि त्याने ते मान्य केल्याची नोंद घ्या, नाहीतर अटी कुठे वाचायच्या त्याची लिंक देऊन साध्या भाषेत सांगा. सबस्क्रिप्शन, फुकटच्या गोष्टी आणि जी फाइल डाउनलोड करून कायम ऑफलाइन वापरता येते ती यातून वगळली आहे.

तो कायदा तिकडचा, आपल्याला त्याचा आधार घेता येत नाही. पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरायच्या पानावर 'हे लायसन्स आहे' ही ओळ टाकायला सुरुवात केली. लगेच जीओजी या दुसऱ्या दुकानाने टोमणा मारून घेतला की आमचा ऑफलाइन इन्स्टॉलर (इंटरनेटशिवाय गेम टाकायची फाइल) तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

माझं मत विचाराल तर भांडण इथेच आहे. लायसन्स द्यायला माझी हरकत नाही, हॉलमध्ये सिनेमा बघतो तेव्हा पण परवानगीच घेतो, आणि तिकिटावर कोणी 'सिनेमा विकत घ्या' असं लिहीत नाही. भाड्याला भाडं म्हणा आणि भाड्याएवढेच पैसे घ्या.

७. वाचून झालेलं ई-बुक किंवा ऐकून झालेलं गाणं सेकंडहँड विकता येईल का?

यावर तीन मोठे निकाल आहेत आणि ते एकाच दिशेला जात नाहीत.

युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये युजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल प्रकरणात सांगितलं की सॉफ्टवेअर कायमच्या वापरासाठी एकरकमी पैसे घेऊन दिलं असेल तर ती विक्रीच आहे, नाव लायसन्स ठेवलं म्हणून काय झालं, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो, फक्त स्वतःकडची प्रत बंद करायला हवी. लोकांना वाटलं झालं, आता ई-बुकचाही जुना बाजार सुरू. टॉम कॅबिनेट नावाच्या डच दुकानाने तसा सुरू केलाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं, थांबा, ते सॉफ्टवेअरपुरतं होतं, ई-बुकचे नियम वेगळे, असं विकायला हक्कदाराची परवानगी लागेल. कारण साधं आहे, ई-बुक जुनं होत नाही, पानं पिवळी पडत नाहीत, त्यामुळे वापरलेली प्रत नव्याइतकीच चांगली.

अमेरिकेत रीडिजी नावाची कंपनी ॲपलच्या आयट्यून्सवर घेतलेली गाणी सेकंडहँड विकायची. डिसेंबर २०१८ मध्ये अपील कोर्टाने ते अडवलं. युक्तिवाद असा की फाइल एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात जाते तेव्हा ती 'जात' नाही, तिकडे नवी प्रत तयार होते, आणि नवी प्रत काढायचा हक्क तुमचा नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि तरीही मला वाचताना डोकं आपटावंसं वाटलं.

८. हे सगळं परदेशातलं झालं. भारतात कायदा काय म्हणतो?

ई-बुक किंवा गाण्याच्या पुनर्विक्रीबद्दल आपल्या कायद्यात वेगळं कलम नाही. पण आपल्याकडे एक मजेशीर बाजू आहे, टॅक्सची.

२००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे, तिच्यावर विक्रीकर लागतो. मग २ मार्च २०२१ ला इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणाचा निकाल आला. वाद होता की भारतीय ग्राहक परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरचे पैसे देतो ती रॉयल्टी, म्हणजे कॉपीराइटचा हक्क वापरायचे पैसे, धरायची का, कारण तसं असेल तर टीडीएस कापावा लागेल. इन्कम टॅक्सवाले म्हणत होते रॉयल्टीच. कोर्ट म्हणालं नाही, कागदावर लायसन्स लिहिलं असलं तरी कॉपीराइटचा कुठलाच हक्क ग्राहकाला दिलेला नाही, त्यामुळे हा व्यवहार वस्तू विकण्याचाच आहे.

म्हणजे बघा, टॅक्स वाचवायची वेळ आली की 'आम्ही वस्तू विकली' आणि ग्राहकाने पुढे विकायची म्हटलं की 'आम्ही फक्त लायसन्स दिलं'. अर्थात हे टॅक्सचे निकाल आहेत, ते दाखवून तुम्ही उद्या ई-बुक विकायला बसाल तर माझं नाव सांगू नका. पण पुढेमागे कोणी ग्राहक हक्कासाठी लढला तर वकील हे दोन निकाल पिशवीतून काढणार हे नक्की.

९. डीआरएम म्हणजे काय आणि ते तोडलं तर जेल होते का?

डीआरएम म्हणजे फाइलला लावलेलं कुलूप, ज्याची किल्ली दुकानाच्या सर्व्हरवर असते. आत्याच्या पुस्तकांच्या फाइल टॅबमध्येच होत्या, किल्ली देणारा गेला.

अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याचं कलम १२०१ आहे आणि ते कडक आहे, कुलूप तोडणंच बेकायदा, आत तुमचीच वस्तू असली तरी. दर तीन वर्षांनी तिकडचं कॉपीराइट ऑफिस काही अपवाद जाहीर करतं (ट्रॅक्टरचा किस्सा १५ मध्ये आहे).

आपलं कलम ६५ए २०१२ च्या दुरुस्तीत आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण शब्द नीट वाचा, कॉपीराइटमधल्या हक्कांचा भंग करायच्या *हेतूने* कुलूप तोडलं तर. आणि पुढे असंही म्हटलंय की कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी काही केलं तर हे कलम आड येत नाही. म्हणजे आपला कायदा अमेरिकेपेक्षा बराच सैल आहे. तरी दुकानाच्या टर्म्स मोडल्या म्हणून ते अकाउंट बंद करू शकतात, तो वेगळा ताप.

एक अपवाद आवर्जून सांगते. ज्यांना दिसत नाही किंवा छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचता-ऐकता येईल अशा रूपात प्रत करायला आपल्या कायद्यात २०१२ पासून सूट आहे, कलम ५२(१)(झेडबी). याच विषयावरचा मराकेश करार मान्य करणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ मध्ये.

१०. किंडलवरून पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवायचं ऑप्शन गेलं का? मला सापडत नाहीये.

गेलं. वेबसाइटवरून फाइल कॉम्प्युटरवर घेऊन केबलने किंडलमध्ये टाकायची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे. स्वतःच्या फाइल केबलने टाकता येतात, विकत घेतलेली मात्र बहुतेक वायफायनेच येतात. वाय-फाय नसलेलं खूप जुनं यंत्र असेल तर अडचण.

११. इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं पण जाणार का? कोर्टात हरले ना ते?

हरले, पण तुमची जुनी मराठी पुस्तकं त्या भांडणात नव्हती. अर्काइव्ह ही अमेरिकेतली ऑनलाइन लायब्ररी, ती छापील पुस्तक स्कॅन करून एका प्रतीमागे एकाच वाचकाला उधार द्यायची. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ग्रंथालयं बंद झाल्यावर त्यांनी ती मर्यादा काही आठवडे उठवली आणि जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी केस टाकली. मार्च २०२३ ला निकाल विरोधात, सप्टेंबर २०२४ ला अपीलही फेटाळलं, आणि ५ लाखांहून जास्त पुस्तकं उधारीतून काढावी लागली. ती सगळी कॉपीराइट चालू असलेली.

ज्यांचा कॉपीराइट संपलाय त्यांना काही होत नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तर त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून मुक्त आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातले बरेच मराठी स्कॅन अर्काइव्हवरच आहेत, कधी पान वाकडं, कधी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला, पण आहेत.

ग्रंथालयांचं दुखणं वेगळंच आहे. छापील पुस्तक घेतलं की ते फाटेपर्यंत फिरतं. ई-बुकचं तसं नाही, हार्परकॉलिन्सने २०११ मध्येच नियम काढला की ग्रंथालयाचं ई-बुक २६ वेळा दिलं की संपलं, परत विकत घ्या. आमच्या गावच्या वाचनालयातली एक कादंबरी तीनदा बाइंडिंग करून अजून फिरतेय, शेवटची दोन पानं ग्रंथपालांनी हाताने लिहून चिकटवली आहेत, तिला २६ चा नियम लावला असता तर मी जन्मायच्या आधीच संपली असती.

१२. विकत घेऊनही मालकी मिळत नसेल तर टेलिग्रामवरून फुकट पीडीएफ घेतली तर काय चुकलं?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि विचारणाऱ्याला माझ्याकडून 'काही नाही चुकलं' ऐकायचं असतं. ते मिळणार नाही.

युबिसॉफ्टवरचा राग मी समजू शकते. पण तुमच्या ग्रुपवर फिरणारी पीडीएफ असते कोणाची? मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची, ती संपायला वर्षं लागतात, आणि पुस्तक येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर 'वाचनवेडे' टाइपच्या ग्रुपवर त्याची मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ, खाली 'वाचा आणि पुढे पाठवा'. त्या प्रकाशकाने तुमच्याकडून काही हिसकावलेलं नाही, बऱ्याचदा त्याने ई-बुक काढलेलंच नसतं आणि त्याचं कारण पण हीच पीडीएफ. एका लेखकाने मला सांगितलं की मला स्वतःच्याच पुस्तकाची पीडीएफ आली, वर 'खूप सुंदर आहे, नक्की वाचा' असा मेसेज.

कायद्यानेही 'दुकानदार वाईट वागला' हा बचाव नाही. आधी विकत घेतलेलं गेलं असेल तर १७ वाचा.

१३. मी गेल्यावर माझं अकाउंट मुलांना मिळेल का?

फोटो, मेल, कागदपत्रं यांची सोय करता येते. गूगलमध्ये २०१३ पासून इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, ठरावीक महिने लॉगिन झालं नाही की तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. ॲपलमध्ये २०२१ पासून लेगसी कॉन्टॅक्ट आहे. पण त्यात विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं येत नाहीत, कारण पुन्हा तेच, लायसन्स तुमच्या एकट्याचं होतं. स्टीमने तर २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलं की मृत्युपत्राने अकाउंट हस्तांतर होत नाही.

२०१२ मध्ये ब्रूस विलिस आयट्यून्सची गाणी मुलींना देता यावीत म्हणून ॲपलला कोर्टात खेचणार अशी बातमी फिरली होती, अजूनही कोणीतरी दरवर्षी पाठवतं. ती खोटी होती, त्याच्या बायकोनेच तेव्हा सांगितलं.

बरेच लोक पासवर्ड वहीत लिहून ठेवतात. टर्म्सच्या विरोधात आहे हे खरं, पण घरोघरी चालतं तेच.

१४. पुण्याहून न्यू जर्सीला शिफ्ट झालो, अकाउंटचा देश बदलला आणि घेतलेल्या काही गोष्टी गायब. हे नॉर्मल आहे?

दुर्दैवाने हो. प्रकाशक हक्क देशागणिक विकतात, त्यामुळे भारतात मिळालेली गोष्ट तिकडच्या दुकानाकडे नसू शकते. देश बदलायच्या *आधी* सगळं डाउनलोड करून घ्या आणि वॉलेटमधले पैसे संपवा. आधीच बदलला असेल तर सपोर्टला लिहा, कधीकधी परत फिरवून देतात.

१५. ट्रॅक्टरचा आणि या सगळ्याचा काय संबंध? लोक सारखं ट्रॅक्टर ट्रॅक्टर करतात.

आता ट्रॅक्टरमध्येही सॉफ्टवेअर असतं, आणि २०१५ मध्ये जॉन डिअरने अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसला लिहून दिलं होतं की ट्रॅक्टर घेणाऱ्याला तो चालवायचं लायसन्स मिळतं, वाहनाचं आयुष्य आहे तोपर्यंत. म्हणजे लोखंड शेतकऱ्याचं, त्यातला मेंदू कंपनीचा. ऑफिसने त्याच वर्षी दुरुस्तीसाठी कुलूप तोडायला अपवाद दिला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिथल्या शेतकरी संघटनेशी समझोता केला, आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दुरुस्ती अडवल्याबद्दल केस टाकली.

त्यांचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला अजून गावातला मिस्त्री पाना घेऊन पुरतो, पण नवीन मॉडेलमध्ये दर वर्षी एक सेन्सर वाढतोय. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं पण आहेत. पोर्टल आहे, कायदा नाही, हा फरक लक्षात ठेवा.

१६. एनएफटी घेतला तर खरी मालकी मिळते ना? ब्लॉकचेनवर नोंद असते म्हणे.

एनएफटी म्हणजे ब्लॉकचेनवरचं, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या डिजिटल नोंदवहीतलं, टोकन. त्या टोकनची मालकी मिळते. त्याला जोडलेल्या चित्राचा कॉपीराइट वेगळ्या करारात लिहून दिला असेल तरच मिळतो, आणि चित्र बहुतेकदा भलत्याच सर्व्हरवर असतं. सातबारा तुमच्या नावावर, पण तो ज्या जमिनीचा आहे ती दुसऱ्याच्या ताब्यात, असं काहीतरी.

१७. माझ्या पैशाचं घेतलेलं गायब झालं. भारतात तक्रार कुठे करू?

आधी पुरावा: बिल, टर्म्सचं पान, 'बाय' बटणाचा स्क्रीनशॉट, गायब झालेल्या स्क्रीनचा फोटो. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, फोन नको, मेलच. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतूनही बोलता येतं. त्याने बरीच प्रकरणं मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल प्रॉडक्ट हा शब्द आहे, म्हणजे 'ही वस्तूच नाही' म्हणून हाकलून देता येणार नाही. तुम्ही राहता तिथल्याच जिल्ह्यात तक्रार टाकता येते, कंपनी बंगळुरूत असो की सिएटलमध्ये. ५ लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, आत्याचं इथेच चुकलं, आम्ही 'बघू, बघू' करत राहिलो.

'बाय' शब्दाने फसवलं असा मुद्दा घ्यायचा असेल तर ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नची (म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दलची) सरकारी मार्गदर्शक तत्त्वं वाचा, १३ प्रकार दिलेत. हुबेहूब हा प्रकार त्यात नाही, पण दिशाभूल करणाऱ्या शब्दांबद्दल आहे, जोडून मांडता येईल.

१८. मग आता घेऊ तरी काय? सगळं सोडून कागदाकडे वळू?

मी स्वतः असं करते. जे परत परत लागणार ते कागदावर किंवा कुलूप नसलेल्या फाइलमध्ये. गाण्यांचं बरं आहे, ॲपलने २००९ मध्येच आयट्यून्सवर विकायच्या गाण्यांचं डीआरएम काढलं आणि आज विकत मिळणारी एमपी३ बहुतेक ठिकाणी उघडीच असते. गेम जमेल तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळणारा. घेतल्या दिवशीच फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि वर्षातून एकदा, मी दिवाळीच्या साफसफाईत करते, ती डिस्क लावून चार फाइल उघडून बघायच्या, कारण कपाटात ठेवलेली डिस्क पण मरते.

स्ट्रीमिंग वाईट नाही, ते भाडं आहे हे त्याने कधी लपवलेलं नाही. एकदाच वाचायची रहस्यकथा ९९ रुपयांत मिळत असेल तर मीही बिनधास्त 'बाय' दाबते आणि मनात भाडं समजते.

१९. बाबांच्या ७०-८० जुन्या कॅसेट आहेत, नाट्यसंगीत, भजनं, एकावर आजीचा आवाज पण. एमपी३ करून ठेवल्या तर कायद्याने चालेल?

स्वतःच्या खाजगी वापरासाठी चालायला हरकत नाही, कलम ५२(१)(ए) मध्ये खाजगी वापराला सूट आहे (कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून). मात्र ४० जणांच्या 'पाटील परिवार' ग्रुपवर टाकणं म्हणजे खाजगी वापर असं मी तरी म्हणणार नाही. आजीचा आवाज खुशाल पाठवा, तो तुमचाच आहे.

करण्याआधी प्लेअर उघडून बघा, आतला रबरी पट्टा बहुधा डांबरासारखा वितळलेला असेल, तो ५०-६० रुपयांत बदलून मिळतो. हेड कापसाला स्पिरिट लावून पुसा. टेप सैल असेल तर आधी पेन्सिल घालून गुंडाळा, आणि आजीची कॅसेट पहिली लावू नका, एखादी नको असलेली लावून प्लेअर टेप खात नाही ना ते बघा.